चारशेवीसचा दिवा

डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो. गॅरेजवाला स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या खोबणीत स्कॅनर खोचतो आणि पडद्यावर आकडा उमटतो: पी ०४२०. जुन्या स्पोर्ट्‌स कारला हा आकडा अगदी नेहमीचा, आणि त्यावर होणारा विनोदही. फसवणुकीचं कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३१८ झालं, तरी बोलण्यातला चारशेवीस जागचा हललेला नाही. ही कोडांची यादी केली अमेरिकेतल्या अभियंत्यांनी. आपल्या दंड संहितेशी त्यांचा काही संबंध नव्हता, पण आकडा चपखल बसला.

कोडचा अर्थ असा की, एक्झॉस्टमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर ठरलेल्या पातळीइतकं काम करत नाही. मालकाच्या कानावर मात्र पडतं, ‘कॅट गेलं.’ जुन्या बाजारातून हौसेनं घेतलेल्या बॉक्सटर, ऑडी टीटी किंवा झेड-फोरचं मूळ कॅट बाहेरून मागवायचं तर हिशेब लाखांत जातो. म्हणून त्या दिव्याला नेमकं काय कळतं, हे आधी पाहिलेलं बरं. त्याला फार थोडं कळतं.

धूर मोजायचं कोणतंही साधन या दिव्याकडे नाही. कार्बन मोनॉक्साइड किती, नायट्रोजनची ऑक्साइडं किती, न जळलेलं पेट्रोल किती, यातलं काहीच त्याला दिसत नाही. त्याच्या हाताशी ऑक्सिजन ओळखणारे दोन सेन्सर असतात, एक कॅटच्या अलीकडे आणि एक पलीकडे. साध्या झिर्कोनियाच्या सेन्सरमध्ये तापल्यावर स्वतःच विद्युतदाब तयार होतो. धुरात ऑक्सिजन कमी, म्हणजे मिश्रणात पेट्रोल जास्त असेल तर साधारण ०.९ व्होल्ट, ऑक्सिजन जास्त असेल तर ०.१ च्या आसपास. गाडीचा संगणक एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा, या प्रमाणाभोवती मिश्रण सतत वर-खाली हलवत राहतो, आणि अलीकडचा सेन्सर त्याबरोबर झोके घेतो.

कॅटच्या आत सिरॅमिकची बारीक जाळी असते. तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमचा पातळ थर असतो. या तिघांना नाव मिळतं. काम सावरून धरणारं सिरियम ऑक्साइड मात्र सहसा कुणाच्या बोलण्यात येत नाही. हवा जास्त आली की ते ऑक्सिजन साठवून घेतं आणि पेट्रोल जास्त आलं की परत सोडतं, दारातल्या रांजणासारखं. त्यामुळे कॅट धडधाकट असताना पलीकडे झोके पोचत नाहीत आणि तिथला सेन्सर ०.६-०.७ व्होल्टवर जवळजवळ स्थिर राहतो. सिरियमची साठवण कमी झाली की पलीकडचा सेन्सर अलीकडच्याची नक्कल करू लागतो. संगणक दोघांची तुलना करतो आणि साठवण घटली म्हणजे सफाईही घटली असणार, असा निष्कर्ष काढतो. पी ०४२० हा असा अनुमानाचा कोड आहे. अनुमान बहुतेकदा बरोबर असतं. पण जुन्या गाडीत ते चुकायला जागा पुष्कळ असतात.

या दिव्याचं कूळ लॉस एंजेलिसच्या धुरक्यात आहे. मोटारींचा धूर आणि ऊन यांच्या संयोगातून ते धुरकं तयार होतं, हे कॅलटेकमधले डच रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी १९५०च्या सुमारास दाखवून दिलं. पुढे १९६७ साली स्थापन झालेल्या कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाचे पहिले अध्यक्ष तेच झाले. १९७५ च्या अमेरिकी गाड्यांत कॅट आलं. धूर आवरणारे भाग कंपनीत नवे असताना तपासून भागत नाही, वापरात बिघडले तर गाडीनंच तक्रार केली पाहिजे, हा विचार कॅलिफोर्नियानं १९८८ पासून सक्तीत आणला. १९९६ पासून अख्ख्या अमेरिकेत आजची पद्धत लागू झाली, युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून. आपल्याकडे पहिला टप्पा एप्रिल २०१० मध्ये आला आणि कॅटवर खरी नजर ठेवणारा दुसरा एप्रिल २०१३ मध्ये.

म्हणजे २००५ ची जर्मन टू-सीटर सोलापुरात फिरत असेल, तर तिच्यातला दिवा आपल्या कायद्यानं मागितलेला नव्हताच. तो गाडीबरोबर पाहुणा म्हणून आला. मराठी घरांत जिच्यावर सर्वाधिक चर्चा झाली ती स्पोर्ट्‌स कार, म्हणजे ब्रॅडमनच्या २९ शतकांची बरोबरी केल्यावर २००२ मध्ये सचिन तेंडुलकरला मिळालेली फेरारी ३६० मोडेना, याच पिढीची. तिच्या आयात शुल्कावरून उठलेला गदारोळ अनेकांना आठवत असेल. ३६० या मॉडेलमध्ये नेहमीच्या दिव्याखेरीज ‘स्लो डाउन’ असा आणखी एक इशारा असतो. कॅट अती तापलं की तो लागतो. त्या काळच्या फेरारी सांभाळणाऱ्यांना हेही ठाऊक असतं की, कित्येकदा कॅट ठीक असतं आणि ते तापमान मोजणारा थर्मोकपल किंवा त्याची छोटी पेटीच बिघडलेली असते. इशारा देणाराच आजारी पडू शकतो, ही अक्कल महागड्या गाड्यांनी लवकर शिकवली.

इंजिनाच्या पोटातलं सोलापूरला नवं नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत १९९२ साली सुरू झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्‌स जनरल मोटर्स, फोर्ड, ह्युंदाई, मारुती अशा कंपन्यांना कॅमशाफ्ट पुरवत आली आहे. वाळूच्या साच्यात ठरावीक जागी धातूचे तुकडे बसवून ओतीव लोखंड तिथेच झटकन थंड करायचं, म्हणजे कॅमचं नाक कडक होतं आणि बाकीचा दांडा ठिसूळ होत नाही, अशी ती कारागिरी. व्हॉल्व्ह कधी उघडायचे आणि कधी मिटायचे हे हाच दांडा ठरवतो. दीड लाख किलोमीटर पळालेल्या इंजिनाची टायमिंग चेन ताणली की कॅम आणि क्रँक यांचा मेळ किंचित सुटतो, ज्वलन बिघडतं, आणि त्याचा भुर्दंड शेवटी कॅटला बसतो. स्कॅनरवर पी ०४२० बरोबर कॅम-क्रँकचा कोडही दिसत असेल, तर कॅटचं नाव नंतर काढावं. बाजूला कॅमशाफ्ट ओतणारं गाव असून दुरुस्तीची सुरुवात सायलेन्सरकडून व्हावी, हे काही पटत नाही.

आता सोलापूरची खास गोष्ट, उसाची. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने याच जिल्ह्यात. त्यातल्या अनेकांच्या डिस्टिलऱ्या इथेनॉल काढतात आणि ते पेट्रोलमध्ये मिसळलं जातं. देशानं सरासरी दहा टक्क्यांचं मिश्रण २०२२ च्या जूनमध्ये गाठलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये वीस टक्क्यांचं पेट्रोल पंपावर आलं आणि २०२५ मध्ये तेच नेहमीचं झालं. इथेनॉल आपला ऑक्सिजन रेणूतच घेऊन येतं. वीस टक्के मिश्रणात वजनानं सुमारे सात टक्के ऑक्सिजन असतो. त्यामुळे १४.७ चं आदर्श प्रमाण १३.५ च्या आसपास उतरतं. निव्वळ पेट्रोल गृहीत धरून २००५ साली बसवलेला संगणक अलीकडच्या सेन्सरचं ऐकून पेट्रोल वाढवत नेतो. जवळपास आठ-नऊ टक्क्यांची ही भरपाई त्याला कायमची करावी लागते. स्कॅनरवर ती ‘फ्युएल ट्रिम’ म्हणून दिसते. बऱ्याच गाड्यांत ही भरपाई २०-२५ टक्क्यांवर गेली की मिश्रण पातळ असल्याचा कोड येतो, पी ०१७१.

म्हणजे दिव्यापर्यंतचं निम्म्याहून थोडं कमी अंतर टाकी भरली तेव्हाच कापलेलं असतं. उरलेलं कापायला वीस वर्षांचा एखादा रबरी पाइप पुरतो. सोलापूरच्या त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांत बॉनेटखालचं रबर तडकतं, इनटेकमध्ये फुकटची हवा शिरते आणि तोच पिवळा दिवा लागतो. साध्या पेट्रोलवर हीच गळती कदाचित वर्षभर लपून राहिली असती. माझ्या मते जुन्या गाडीचा मालक इथेनॉलला जेवढ्या शिव्या देतो, तेवढं पाप इथेनॉलचं नाही. ते आधीची गळती उघडी पाडतं. ही गळती ओळखायची खूण सोपी आहे. आयडलिंगला ट्रिम खूप वर आणि मिनिटाला अडीच हजार फेऱ्यांवर खाली येत असेल, तर हवा गळतेय. उलट गाडी जोरात ओढताना ट्रिम चढत असेल, तर फ्युएल पंप, फिल्टर किंवा हवा मोजणाऱ्या मास एअर फ्लो सेन्सरकडे पाहावं. हौशी मंडळी तेल लावलेला कोन फिल्टर बसवतात. त्याचं तेल या सेन्सरच्या तप्त तारेवर बसतं, वर काळ्या रानाची धूळ. सेन्सरच्या खास क्लीनरनं तार धुतली आणि दिवा गेला, असंही होतं.

दुसरी स्थानिक बाब म्हणजे गतिरोधक. स्पोर्ट्‌स कारचं पोट जमिनीपासून चार बोटं वर. गावोगावचे हौसेनं उंच केलेले गतिरोधक पुढच्या पाइपच्या जोडाला घासतात, गॅस्केट फुटतं. सेन्सरच्या आधी केसाएवढी फट पडली तरी दोन स्फोटांच्या मधल्या क्षणी बाहेरची हवा आत ओढली जाते आणि ऑक्सिजनची सगळी साक्ष खोटी ठरते. सकाळी इंजिन गार असताना सुरू करून ऐकलं तर टक-टक आवाज येतो. साबणाच्या पाण्याचे बुडबुडेही जागा दाखवतात. हे न करता कॅट बदललं, तर नव्या कॅटवरही तोच कोड येतो. शिवाय सुगीत रस्त्यावर पसरलेल्या ज्वारीच्या कडब्यावरून अशी बुटकी गाडी नेऊ नये. कॅट कित्येक शे अंशांना तापलेलं असतं आणि खाली अडकलेला कडबा पेट घेऊ शकतो. याचा दिव्याशी संबंध नाही, पण मंगळवेढ्याकडे जाणाऱ्याला सांगितलेलं बरं.

‘पेट्रोल टाकीचं झाकण घट्ट करा, दिवा जाईल,’ हा सल्ला मात्र अमेरिकेचा. टाकीतून वाफ गळते का हे तिथल्या गाड्या तपासतात. युरोपच्या नियमांवर बनलेल्या आणि इथे आलेल्या गाड्यांना तशी सक्ती नव्हती.

‘मालक, सेन्सर गेलाय, दोन्ही बदलून टाकू,’ हे वाक्य ऐकल्यावर आधी कोडचा आणि ‘फ्रीझ फ्रेम’चा फोटो काढून ठेवावा. कोड लागला त्या क्षणीचा वेग, तापमान, ट्रिम हे सगळं तिथे नोंदलेलं असतं. बॅटरीची वायर काढून दिवा विझवणारा ती नोंदही पुसतो. शिवाय तो विझणं खरं नसतं. साधारणपणे गाडी चालवायच्या लागोपाठ दोन फेऱ्यांत बिघाड दिसला की दिवा लागतो, तीन निर्दोष फेऱ्यांनंतर आपणहून जातो, आणि कोडची आठवण इंजिन चाळीस वेळा गार होऊन तापेपर्यंत राहते. आठवण पुसली की कॅटची परीक्षा नव्यानं घ्यावी लागते, आणि तिला तापलेलं इंजिन व स्थिर वेग लागतो. सात रस्ता ते नवी पेठ या गर्दीत ती परीक्षा पुरी होतच नाही. आठवडाभर दिवा दिसत नाही, मालक खूष. मग एखाद्या रविवारी पुणे रस्त्यावर मोहोळपर्यंत ऐंशीच्या वेगानं गाडी जाते, परीक्षा होते, पुढच्या फेरीला पुन्हा, आणि दिवा हजर. ‘परत आला’ म्हणतात तो असा. तो गेलेलाच नसतो.

दिवा लुकलुकत असेल तर मात्र थांबायचं. एखाद्या सिलिंडरमधलं पेट्रोल न जळता कॅटमध्ये जाऊन तिथे पेटतंय, असा त्याचा अर्थ. अशानं जाळी वितळते. शंभर-दीडशे किलोमीटर तसंच दामटलं, तर कोडचं अनुमान खरं करून दाखवलं म्हणायचं. ऑइल पिणारं इंजिनही हेच करतं, सावकाश: ऑइलमधला फॉस्फरस जाळीवर थर धरतो. शिसं त्याहून वाईट होतं. १९९५ मध्ये चार महानगरांत नव्या गाड्यांना कॅट सक्तीचं झालं, पण देशभर शिसेमुक्त पेट्रोल २००० साली आलं. मधल्या काळात महानगरातली गाडी शिशाचं पेट्रोल मिळणाऱ्या गावात नेऊन टाकी भरली की कॅट मेलंच.

यावर हौशी मंडळींचा उपाय ठरलेला असतो. मागच्या सेन्सरखाली स्पेसर घालून त्याला धुरापासून दूर सारायचं, किंवा संगणकाचा रीमॅप करून तो कोडच काढून टाकायचा आणि कॅटच्या जागी सरळ पाइप. दिवा शांत, आवाज भारी. आणि पीयूसी? तिथे नळी घालून आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात. बीएस-४ पेट्रोल गाडीला मर्यादा ०.३ टक्के आणि २०० पीपीएम, त्याआधीच्या बीएस-३ ला ०.५ टक्के आणि ७५०. नायट्रोजनची ऑक्साइडं मोजत नाहीत, आणि डॅशबोर्डकडे कुणी पाहत नाही. कॅलिफोर्नियात २००० नंतरच्या गाडीची तपासणी त्याच सोळा पिनांतून होते. दिवा लागलेला असेल तर नापास, आणि कोड नुकताच पुसून आणला असेल तरी नापास. आपल्याकडे नवी गाडी मंजूर होताना मुद्दाम खराब केलेलं कॅट बसवून दिवा लागतो का, हे दाखवावं लागतं. रस्त्यावर आल्यानंतर त्याच दिव्याला कोणी विचारत नाही. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत नाव असलेल्या शहरात तरी पीयूसीच्या यंत्राशेजारी एक स्कॅनर ठेवायला हरकत नसावी.

गळती नाही, ट्रिम ताळ्यावर, टायमिंग बरोबर, पुढचा सेन्सर चपळ, आणि तरीही मागचा सेन्सर झोके घेतोय, अशी वेळ आली तरच कॅट खरोखर गेलं. बाजारात कोणत्याही गाडीला वेल्ड करून बसणारी स्वस्त कॅट मिळतात. त्यांत मौल्यवान धातू आणि सिरियम दोन्ही बेतानं घातलेले असतात. पीयूसी निघते, पण काही महिन्यांत कोड परततो. मूळ कंपनीचं परवडत नसेल, तर त्या मॉडेलसाठीच बनवलेलं घ्यावं. आणि काढलेलं जुनं भंगारवाल्याला लोखंडाच्या भावानं देऊ नये. २०२१ च्या मार्चमध्ये ऱ्होडियम औंसाला २९ हजार डॉलरच्या घरात गेलं होतं. आता भाव तेवढा नसला, तरी जाळीचा भाव वेगळा लागतो, आणि हे भंगारवाल्याला मालकाच्या आधी माहीत असतं.