‘डूम’ : नशीब की निवाडा?

मी न्यूयॉर्क राज्यातील ट्रॉय नगरात राहतो. १७८९ साली त्याने ग्रीक कथेतील भस्मसात नगरीचे नाव धारण केले. त्या नगरीस इंग्रज ‘डूम्ड’ म्हणतात. म्हणजे जिचा नाश विधिलिखित होता, अशी. परंतु ‘डूम’ या क्रियापदाचे मूळ प्राचीन इंग्रजीतील ‘डोम’, म्हणजे निवाडा, या शब्दात आहे. प्रथम त्याचा अर्थ ‘निवाडा देणे’ असा होता. ‘नशिबी लिहिणे’ हा अर्थ मागाहून आला.

वडिलांच्या आजारात ‘नशिबीच होते’ म्हणून मी हात टेकले होते. या शब्दाचे मूळ कळल्यावर उमगले, की नशिबापुढे विनवणी चालत नाही, न्यायाधीशापुढे चालते. म्हणूनच दारफाळणीच्या सणी द्वार मिटेपर्यंत आपण क्षमायाचना थांबवीत नाही.