डिझेल ट्रॉलीच्या चाकात मुरतं

दिवाळीनंतर किनवट तालुक्यात कापूस निघायला लागला, की मांडवी, सारखणी, बोधडीच्या रस्त्यांवर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रीघ लागते. रस्ता सागाच्या जंगलातला, चढ-उताराचा. ‘ट्रॅक्टर लई डिझेल खायलाय’ ही तक्रार या दिवसांत जो तो करतो आणि मिस्त्रीकडे जाऊन पंप, नोझल तपासून घेतो. तेही करावंच. पण त्याआधी मागच्या ट्रॉलीकडे वाकून पाहावं, असं माझं ठाम मत आहे.

सारखणीजवळच्या एका खेड्यात ट्रॉली भरताना मी उभा होतो. दोन गडी आत उतरून कापूस तुडवत होते आणि ड्रायव्हरकाका खालून ओरडत होते, “माघारी लई चढवू नका रे, हूक उचलंल!” ट्रॉली दोन चाकांची होती. अशा ट्रॉलीत भार आसाच्या किंचित पुढे असला, की थोडं वजन हुकावाटे ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकांवर येतं आणि ती जमीन धरतात. भार मागे गेला की हूक वर ओढला जातो, मोठी चाकं हलकी पडतात आणि शेतातून सडकेला लागेपर्यंत जागच्या जागी घसरत राहतात. चाक फिरलं तेवढं डिझेल जळतं, गाडी मात्र तेवढी पुढे जात नाही. भार फारच पुढे घेतला तर ट्रॅक्टरचं तोंड उचलतं आणि स्टिअरिंग ऐकत नाही. चार चाकांच्या ट्रॉलीत हुकावर वजन येत नाही, तिथे हा हिशोब वेगळा.

भरून झाल्यावर काकांनी टायरची हवा पाहिली. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचीच हवा खरी कळते. चालून तापलेला टायर जास्त दाखवतो. शेतात ट्रॅक्टरच्या टायरात हवा कमी ठेवली तर पकड मिळते, पण तीच सडकेवर ठेवली तर टायर दबून चालतो, तापतो, आणि ती उष्णता डिझेलमधूनच आलेली असते. दहा-बारा किलोमीटरवर थांबून त्यांनी ट्रॉलीच्या दोन्ही हबना हात लावला. डावा चांगलाच गरम होता. “बेअरिंग आवळलंय, ग्रीस बी सुकलंय,” ते म्हणाले. पान्ह्याने नट जरा सैल केला, ग्रीस भरलं. एवढ्याने पुढचा चढ सोपा गेला, हे मला इंजिनाच्या आवाजावरूनही कळलं.

सपाटीला वरचा गियर आणि कमी रेस, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण चढाला वरच्याच गियरमध्ये दाबत राहिलं की नळीतून काळा धूर येतो. तो धूर म्हणजे अर्धवट जळलेलं डिझेल. काका चढ लागण्याआधीच गियर पाडत होते.

खरी काळजी वाटते ती उताराची. डिझेल वाचेल म्हणून कित्येक जण उतारावर न्यूट्रल करतात. गियरमध्ये राहून रेस सोडली, तर चाकंच इंजिनाला फिरवतात आणि गव्हर्नर डिझेल तोडून टाकतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतंच. म्हणजे बचत काहीच नाही, आणि बऱ्याच ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसल्यामुळे मागचा सगळा भार ट्रॅक्टरला ढकलत नेतो. हा समज मोडला पाहिजे. यात माणसं जातात. सडकेवर दोन्ही ब्रेक पॅडल जोडणारी कडी लावलेली असणं तितकंच गरजेचं.

जिनिंगच्या दारात रांग होती. काकांनी लगेच इंजिन बंद केलं. उभ्या ट्रॅक्टरचं चालू इंजिन तासाला लिटरभर डिझेल सहज पितं. पुढे-मागे मात्र काही ट्रॅक्टर भरभरत होते.

२०२४-२५ मध्ये लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. व्यापारी त्याच्या खाली मागतो, तेव्हा शेतकरी सीमेपलीकडच्या आदिलाबादच्या बाजाराचाही विचार करतो. भावातला फरक कागदावर चांगला दिसतो. पण त्यातून जाण्याचं डिझेल तर वजा करावंच, रिकाम्या ट्रॉलीचं परतीचंही करावं. काका परतताना शेजारच्या चार घरांसाठी सरकीची ढेप भरून आणतात आणि परतीचं डिझेल त्या भाड्यातून काढतात.