आस्या, अध्वा आणि चंक्रमण : नागझिऱ्याच्या परिसरातून

वैद्यबंधूंनो, व्यायामाचे महत्त्व आपणांसमोर नव्याने मांडण्याचे काही कारण नाही. ते आपण प्रत्येक रुग्णास सांगतोच. प्रस्तुत लेखास निमित्त झाली ती या सांगण्यातच माझ्या हातून घडलेली एक चूक.

नागझिरा अभयारण्याच्या सीमेपासून जवळच असलेल्या तालुक्याच्या गावी माझा व्यवसाय आहे. काही वर्षांपूर्वी श्रावणात, धानाची रोवणी संपत आली असताना, एकाच सकाळी दोन रुग्ण आले. पहिले धान्याचे व्यापारी. पन्नाशीच्या आतबाहेरचे, स्थूल, प्रमेहाचे निदान नुकतेच झालेले. दुसरी त्याच वयाची शेतमजूर स्त्री. संधिगत वाताने दोन्ही गुडघे धरलेले, कंबर दुखत असलेली. दोघांच्याही चिठ्ठीवर औषधांच्या खाली मी सवयीने एकच ओळ लिहिली : 'रोज पाऊण तास चालावे.' व्यापारी मान डोलावून गेले. त्या बाईंनी चिठ्ठी सोबतच्या मुलाकडून वाचून घेतली आणि मला विचारले, "अजून किती चालू, डॉक्टरसाहेब?" तीन आठवडे त्यांनी दुसऱ्यांच्या बांधीत चिखलात वाकून रोवणी केली होती. घर ते बांधी हे अंतर रोज दोन वेळा पायीच होते. माझ्यापाशी उत्तर नव्हते.

उत्तर संहितेत होते, आणि ते मी विद्यार्थिदशेत पाठही केले होते. सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायात आस्या, अध्वा आणि चंक्रमण यांचे गुण लागोपाठ सांगितले आहेत. आस्या म्हणजे बसून राहणे. ते सुखकर आहे. परंतु कफ, स्थौल्य आणि सुकुमारता वाढविणारे आहे. अध्वा म्हणजे वाटचाल. ती हे सर्व घटविते, मात्र तिचा अतिरेक झाल्यास जरा व दौर्बल्य येते. देहास फार पीडा न देणारे जे चालणे ते चंक्रमण. आयुष्य, बल, मेधा व अग्नी यांची वृद्धी करणारे म्हणून गौरविले आहे ते हेच. चरकाचार्यांनी व्यायामाचा विचार 'न वेगान्धारणीय' अध्यायात केला आहे. (शेजारच्या नवेगावचे नाव निघाले की आम्हा विद्यार्थ्यांना हा अध्याय हमखास आठवत असे.) तेथेही व्यायाम मात्रेनेच करावा असे सांगून अतिरेक करणाऱ्यास हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहाची उपमा दिली आहे.

म्हणजे माझे व्यापारी आस्येने आजारी होते आणि त्या बाई अध्वा व आयासाने. मी दोघांनाही एकच पथ्य लिहून दिले होते.

आमच्या भागात हा प्रश्न अधिक बिकट होतो तो ऋतूंमुळे. वाग्भटाचार्यांनी अर्धशक्ती व्यायाम बलवान व स्निग्ध भोजन करणाऱ्यांनी शीत ऋतूत आणि वसंतात करावा असे म्हटले असून एरवी तो अल्पच सांगितला आहे. ग्रीष्मात व्यायाम वर्ज्य, वर्षा ऋतूत आयास वर्ज्य. आता येथील श्रमिकांचे वर्ष पाहा. वसंतात पहाटे झाडाखाली वाकून मोहफुले वेचणे, हे त्यातल्या त्यात सौम्य काम. त्यानंतर ऐन ग्रीष्मात तेंदूपाने तोडायची, सत्तर-सत्तर पानांचे पुडे उकिडवे बसून बांधायचे आणि डोक्यावरून संकलन केंद्रावर न्यायचे. मृगानंतर चिखलणी व रोवणी. अग्नी मंद, वात प्रकुपित आणि बल किमान असण्याचा हा काळ. शास्त्राने जे दोन ऋतू विश्रांतीसाठी राखले, नेमके तेच येथे कमाल कष्टाचे आहेत. त्यात भोजन स्निग्ध नाही. अशा देहावर आपण आणखी व्यायामाचा भार टाकतो, आणि रुग्ण आपले ऐकत नाहीत अशी तक्रारही करतो.

आधुनिक संशोधनही याच दिशेने आले आहे. १९५३ साली जेरेमी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या बससेवेतील बसून काम करणारे चालक आणि जिने चढउतार करणारे वाहक यांची तुलना केली, तेव्हा वाहकांमध्ये हृद्रोग कमी आढळला. पुष्कळ वर्षे त्यातून 'हालचाल कोणतीही असो, हितकरच' असा सरसकट अर्थ काढला गेला. २०२१ साली कोपनहेगन येथील एक लाखाहून अधिक व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मोकळ्या वेळातील व्यायाम करणाऱ्यांमध्ये हृद्रोग व मृत्यू यांचे प्रमाण कमी, तर कामावरील भारी श्रम करणाऱ्यांमध्ये ते अधिक आढळले. डेन्मार्कचे निष्कर्ष धानाच्या बांधीस जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. तरी व्यायाम व श्रम यांतील भेद आता तिकडेही मान्य होत आहे, एवढे निश्चित.

चंक्रमणाचा आदर्श शोधण्यास मात्र आम्हांस दूर जावे लागत नाही. वनाधिकारी व लेखक मारुती चितमपल्ली यांच्या छत्तीस वर्षांच्या वनसेवेतील मोठा काळ नवेगावबांध व नागझिरा येथे गेला. पक्ष्यांचे निरीक्षण करणारा मनुष्य धावत नाही; तो चालतो, थांबतो, ऐकतो, पुन्हा चालतो. मनाच्या व इंद्रियांच्या अवधानासह होणाऱ्या या चालण्यास इंद्रियबोधन हे विशेषण किती समर्पक आहे! १९३२ साली जन्मलेल्या चितमपल्लींना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जून महिन्यात, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. एका दीर्घायुष्यावरून सिद्धान्त मांडू नये हे खरे. परंतु वार्धक्यापर्यंत लेखन-संशोधन चालू ठेवणारे हे उदाहरण माझ्या रुग्णांना चटकन पटते. याउलट आज नागझिऱ्यात येणारा पर्यटक वाहनातून उतरू शकत नाही. वनात येऊनही त्याचे तीन-चार तास आस्यासुखातच जातात, आणि चालणे वाट्यास येते ते वनरक्षकाच्या पायी गस्तीत.

प्रमेहाविषयी येथे विशेष सांगावेसे वाटते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे दहा कोटी मधुमेही आहेत. चरकाचार्यांनी प्रमेहाच्या हेतूंमध्ये आस्यासुख अग्रभागी ठेवले आहे. सुश्रुतांनी निर्धन प्रमेही रुग्णास अनवाणी, छत्रीवाचून, शंभर योजनांहून अधिक चालण्यास सांगितले. धनवानास श्यामाक-नीवारांवर आणि आवळा, कवठ, तिंदुक या फळांवर राहून मृगांसमवेत वास करण्यास. तिंदुकाच्या कुळातील टेंभुर्णी आमच्या जंगलात विपुल आहे आणि मृगही आहेत. धनवान रुग्ण तेवढे येत नाहीत! यातील अनवाणी चालणे मात्र आज शब्दशः सांगू नये. ज्यांच्या पायांची संवेदना मंदावली आहे त्यांस काटा रुतल्याचेही कळत नाही, आणि व्रण चिघळून बोट गमावल्याचे रुग्ण आपण सर्वांनी पाहिले आहेत. इन्शुलिन किंवा साखर एकदम उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी लांब चालू नये, खिशात खडीसाखर ठेवावी. वर्षानुवर्षे बैठे काम केलेल्या रुग्णास छातीत भार किंवा धाप जाणवत असेल, तर हृदयतपासणीपूर्वी व्यायाम लिहूच नये.

आता मी व्यायाम लिहिण्यापूर्वी दिवसभराचे काम विचारतो. उभ्याने की बसून, वाकून की ओझे घेऊन, किती तास, आणि जेवणात काय. बैठ्या रुग्णास शीत ऋतूत चंक्रमण सुरू करून हळूहळू वाढविण्यास सांगतो. श्वास तोंडावाटे येऊ लागला की अर्धशक्ती झाली, ही सुश्रुतोक्त खूण कोणासही समजते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्यास किमान दीडशे मिनिटे मध्यम व्यायाम सांगितला आहे. तेथवर पोहोचण्यास काही महिने लागले तरी घाई करीत नाही. श्रमिकास मात्र स्नेहन, विश्रांती आणि वाकलेल्या सांध्यांस उलट दिशेने मोकळे करणाऱ्या मोजक्या हालचाली लिहितो.

औषधविक्रेते बंधूंनीही रागावू नये. गल्ल्यामागील स्टुलावर दहा-बारा तास काढणाऱ्यांस अन्य कोणापेक्षा चंक्रमणाची गरज अधिक. शिवाय महानारायण तेल घेण्यास आलेल्या गिऱ्हाइकास 'चालत जा, बरे वाटेल' असा फुकटचा सल्ला देण्यापूर्वी ते गिऱ्हाईक कोठून चालत आले, हे विचारावे.

त्या बाईंना मी पुढच्या भेटीत ती ओळ खोडून दिली. रात्री गुडघ्यांस व कंबरेस अभ्यंग, घरी जेवढे असेल तेवढे जवसाचे तेल आहारात आणि पुडे बांधताना उकिडवे न बसता बूड टेकण्यास लाकडी पाट, एवढेच सांगितले. वेदना गेली असे मी म्हणणार नाही. पुढच्या वर्षीही त्या रोवणीस गेल्या आणि मागाहून माझ्याकडे आल्या. पाट मात्र आता त्यांच्या शेजारणीही नेतात म्हणे.