पालघरच्या पावसात धावणारा टायर

कारचा टायर रस्त्याला टेकतो ती जागा जेमतेम तळहाताएवढी असते. हजार-बाराशे किलोची गाडी, आतली माणसे, डिकीतले सामान, वळणावरची ओढ आणि ब्रेकचा जोर, सगळे या चार तळहातांवर तोललेले असते. वेगातही वळण घट्ट धरणारा आणि ऋतू बदलला तरी बदलावा न लागणारा टायर ‘हाय-परफॉर्मन्स ऑल-सीझन’ या नावाने विकला जातो. पालघर, बोईसर आणि तारापूरकडच्या गाडीमालकाने हे नाव जरा तपासून घ्यावे, कारण ते दुसऱ्या हवामानात जन्मले आहे.

‘ऑल-सीझन’ची कल्पना अमेरिकेतली. गुडइयर कंपनीने १९७७ मध्ये ‘टिएम्पो’ हा टायर बाजारात आणला, तेव्हापासून ती रुजली. तिथे हिवाळ्यात बर्फ पडतो. उन्हाळी टायरचे रबर तापमान ७ अंशांच्या खाली गेले की कडक होऊ लागते आणि पकड सोडते. म्हणून रबर जरा मऊ ठेवायचे, नक्षीत असंख्य बारीक चिरा पाडायच्या आणि एकाच टायरवर वर्ष काढायचे, असा तो तोडगा. बर्फात चालणाऱ्या टायरवर डोंगराची तीन शिखरे आणि हिमकण असे चिन्ह असते. पालघरच्या किनारपट्टीवर जानेवारीच्या पहाटेही पारा सहसा दहाच्या खाली उतरत नाही. त्या चिन्हासाठी जादा पैसे मोजण्यात इथे काहीच हशील नाही. उलट थंडीसाठी केलेले मऊ, चिरांनी भरलेले रबर मे महिन्याच्या तापलेल्या डांबरावर लवकर झिजते. भारतात मिळणारे बहुतेक टायर उष्ण हवामानासाठी घडवलेले असतात आणि तेच बारा महिने चालतात. इथले ऋतू टायरच्या हिशेबाने दोनच: ऊन आणि पाऊस. त्यातला पाऊस जास्त कठीण.

जिल्ह्यात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर मनोर, चिल्हार फाटा, मेंढवण खिंड या पट्ट्यात कंटेनरच्या मागे पाण्याचा धुरळा उडत असतो आणि सखल जागी पाणी साचते. १९५ मिलिमीटर रुंदीचा टायर ताशी ८० किलोमीटर वेगाने ३ मिलिमीटर पाण्यातून जात असेल, तर त्याला दर सेकंदाला सुमारे १३ लिटर पाणी बाजूला सारावे लागते. म्हणजे सेकंदाला एक भरलेली कळशी, आणि हे एकाच चाकाचे काम. टायरभोवती गोल फिरणाऱ्या रुंद खाचा त्यासाठीच असतात. त्या झिजून उथळ झाल्या की पाण्याला वाट उरत नाही. टायरपुढे पाण्याची पाचर तयार होते आणि चाक रस्त्यावरून उचलले जाऊन पाण्यावर तरंगू लागते. याला हायड्रोप्लेनिंग म्हणतात. त्या क्षणी स्टिअरिंग हातात एकदम हलके लागते. तेव्हा ब्रेक दाबणे किंवा स्टिअरिंग झटकणे घातक ठरते. ॲक्सिलरेटरवरचा पाय सोडून, स्टिअरिंग सरळ धरून वेग आपोआप उतरू द्यावा लागतो.

यात हवेच्या दाबाचा वाटा किती मोठा आहे, हे नासाच्या वॉल्टर हॉर्न यांनी १९६० च्या दशकात विमानांच्या टायरवरच्या अभ्यासातून दाखवले. त्यांच्या सूत्राने हिशेब केला, तर गुळगुळीत टायरमध्ये ३२ पीएसआय हवा असताना भरपूर पाण्यात तो ताशी सुमारे ९४ किलोमीटरला तरंगू लागतो. हवा २४ पीएसआयवर आली तर ८२ लाच. आठ पॉइंट हवेच्या बदल्यात बारा किलोमीटरचा वेग गेला. महागडा टायर घेऊन दोन-दोन महिने हवा न तपासणाऱ्याने त्या पैशांचा बराचसा फायदा आपल्याच हाताने घालवलेला असतो.

पहिला पाऊस मुसळधार पावसाहूनही फसवा. आठ महिन्यांची धूळ, टायरच्या रबराचा चुरा, टँकर-ट्रेलरमधून ठिबकलेले ऑइल हे सगळे पहिल्या सरीत भिजून साबणासारखे होते. पालघर-मनोर रस्त्यावर वाघोबा खिंडीच्या वळणांवर आणि बोईसर एमआयडीसीच्या नाक्यांवर जूनच्या सुरुवातीला दुचाकी घसरतात त्या याच मेणचटपणावर. इथे खाचांपेक्षा रबराचे मिश्रण कामी येते. सिलिका मिसळलेले रबर ओल्या रस्त्याला जास्त धरून राहते. २०२२ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने ओल्या रस्त्यावरची पकड, घरंगळताना होणारा विरोध आणि आवाज यांच्या मर्यादा टायरना लागू केल्या; एआयएस-१४२ हे ते मानक. ही किमान पायरी झाली. महामार्गावर रोज ये-जा करणाऱ्याने तिच्या वर जावे आणि दुकानात पहिला प्रश्न ओल्या रस्त्यावरच्या ब्रेकचा विचारावा. ‘किती हजार किलोमीटर चालेल’ हा प्रश्न दुसरा.

दुकानदार सांगतो त्याहून जास्त गोष्टी टायरच्या कुशीवर कोरलेल्या असतात. एखाद्या हॅचबॅक गाडीच्या टायरवर ‘१९५/५५ आर १६ ८७ व्ही’ असे दिसते. १९५ ही मिलिमीटरमधली रुंदी. ५५ म्हणजे कुशीची उंची रुंदीच्या ५५ टक्के. आर म्हणजे रेडियल. १६ हा रिमचा इंचांतला व्यास. ८७ हा भारांक सांगतो की एक टायर ५४५ किलो पेलेल. व्ही ही वेगाची खूण, ताशी २४० किलोमीटरची. एच असेल तर २१०, टी असेल तर १९०. इतक्या वेगाने इथे कोणी जाणार नाही आणि जाऊही नये. पण वरच्या खुणेचा टायर उष्णता अधिक सोसतो आणि साधारणपणे वळणावर कमी लवतो. कंपनीने दिलेल्या भारांकाच्या आणि वेगखुणेच्या खाली मात्र कधीच उतरू नये. काही टायरवर ‘ट्रेडवेअर’चा आकडाही असतो. मोठा आकडा म्हणजे जास्त आयुष्य, पण तो प्रत्येक कंपनी स्वतःच ठरवते. त्यामुळे एकाच कंपनीच्या दोन टायरची तुलना करायलाच तो उपयोगी. आयएसआय शिक्का असायलाच हवा.

आणखी एक छोटी चौकट शोधावी: डॉट या अक्षरांनंतर शेवटी येणारे चार अंक. २३२४ असेल तर टायर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. कंपनी क्वार्टर्समध्ये राहून कामावर बसने जाणाऱ्यांच्या गाड्या आठवडाभर उन्हात उभ्या असतात. अशा गाडीच्या टायरची नक्षी सहा वर्षांनीही नव्यासारखी दिसते, पण रबर आतून वाळलेले असते आणि कुशीवर केसासारख्या भेगा पडतात. पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर जाणकाराला दाखवावा आणि दहा वर्षांपुढे तो कसाही दिसला तरी ठेवू नये, असे अनेक टायर कंपन्याच सांगतात.

रिम मोठी करून घेण्याची हौस तरुणांत फार आहे. वरच्याच गाडीला १७ इंची रिम आणि २०५/४५ टायर बसवला तर चाकाचा एकूण व्यास जवळपास तेवढाच राहतो, वळणावर गाडी चपळ वाटते. पण कुशीची उंची १०७ वरून ९२ मिलिमीटरवर येते. खड्ड्याच्या धारेवर चाक आपटले की ही उशी कमी पडते, टायर रिम आणि डांबर यांच्यात चेंगरतो, आतले धागे तुटतात आणि कुशीवर फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही. तो फुटण्याची वाटच पाहत असतो. पावसाळ्यानंतरचे इथले रस्ते पाहता मूळ मापच बरे.

बोईसरमध्ये पंक्चरवाल्यांना काम कमी नसते. एमआयडीसीतल्या पोलाद कारखान्यांकडे जाणाऱ्या-येणाऱ्या ट्रकांतून पत्र्याचे काप, तारांचे तुकडे, स्क्रू रस्त्यावर सांडतात. ट्यूबलेस टायर खिळा धरून ठेवतो, हवा हळूहळू जाते आणि मालकाला पत्ताच नसतो. साबणाचे पाणी लावल्यावर नक्षीच्या खाचेत एकामागून एक बुडबुडे येतात, पकडीने ओढल्यावर चकचकीत घासलेल्या डोक्याचा स्क्रू बाहेर येतो आणि हवा शिट्टी घालते. बाहेरून ढकललेली दोरी तात्पुरत्या कामाची. टायर उतरवून, आतून तपासून लावलेला मशरूम पॅच टिकाऊ. भोक ६ मिलिमीटरहून मोठे असेल किंवा कुशीत असेल, तर टायर बाद.

हवा महिन्यातून एकदा तरी आणि टायर थंड असताना तपासावी. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरील स्टिकरवर असतो. टायरवर लिहिलेला आकडा कमाल मर्यादेचा आहे, तो भरायचा नसतो. मधली नक्षी झिजली तर हवा जास्त, दोन्ही कडा झिजल्या तर कमी, एकच कड झिजली तर अलाइनमेंट बिघडलेले. केळवे किंवा शिरगावच्या किनाऱ्यावर वाळूत गाडी उतरवणाऱ्यांनी चाके गोड्या पाण्याने धुवावीत, कारण रिमच्या कडेला गंज धरला की तिथून हवा निसटत राहते.

नव्या टायरची नक्षी सुमारे ८ मिलिमीटर खोल असते. खाचेच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी त्यांच्या बरोबरीला आली की १.६ मिलिमीटर उरली. कायद्याने तिथवर चालते, पण पालघरच्या पावसाला तेवढी पुरत नाही. ३ मिलिमीटर राहिली असेल तर टायर मे अखेरीस बदलावेत. चार एकदम परवडत नसतील तर नवे दोन मागे बसवावेत. लोक नेमके उलट करतात, कारण इंजिन पुढे आणि स्टिअरिंगही पुढे. पण पुढची चाके घसरली तर गाडी सरळ जाते आणि पाय सोडल्यावर सावरते. मागची घसरली तर गाडी गर्रकन फिरते आणि ती सावरणे बहुतेकांना जमत नाही.

स्टेपनीचीही हवा पाहावी. २०२० पासून दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्ती किट असेल तर स्टेपनीशिवाय कार विकायला परवानगी आहे, पण जव्हार-मोखाड्याकडे जाणाऱ्याने तिच्यावाचून निघू नये. तिथे फाटलेल्या कुशीपुढे किट हतबल होते.

काढलेले टायर अंगणात किंवा गच्चीवर टाकू नयेत. त्यांत साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात. २०२२ च्या नियमांनुसार जुन्या टायरच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर आहे. टायर बंद भट्टीत तापवून तेल काढणारे कारखाने याच जिल्ह्यात, वाडा तालुक्यात आहेत आणि त्यांच्या धुराबद्दल आसपासच्या गावांच्या तक्रारी जुन्या आहेत. नवा टायर घेताना जुना त्याच दुकानात द्यावा आणि तो पुढे कुठे जातो, हेही विचारावे.