वैमानिकाचा पोशाख : समजूत आणि वस्तुस्थिती

ज्या पुणे जिल्ह्यातील लोहगावच्या तळावर २००२ साली सुखोई-३० एमकेआय विमाने वायुसेनेत दाखल झाली, त्याच जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, माळशेजच्या वाटेवर डिंगोरे हे गाव वसले आहे. आणि अशा गावांतून वायुसेनेची आकांक्षा धरणाऱ्या मुलामुलींच्या मनात वैमानिकाच्या पोशाखाविषयी चित्रपटांनी ज्या समजुती रुजविल्या आहेत, त्यांचे वेळीच निरसन व्हावे, असे मला मनापासून वाटते.

कातडी कोट आणि गळ्यातील रेशमी रुमाल हा केवळ ऐटीचा जामानिमा, ही पहिली समजूत. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिंगकर पहिल्या महायुद्धात ज्या सॉपविथ डॉल्फिन विमानातून लढले आणि जून १९१८ मध्ये जखमी होऊन निवर्तले, त्या विमानात वैमानिकाचे मस्तक वरच्या पंखाच्या चौकटीतून थेट वाऱ्यात येत असे. दर किलोमीटरला तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरते; म्हणजे डिंगोऱ्यात दुपारी तीस अंश उष्णता असता पाच किलोमीटर उंचीवर पाणी गोठण्याची वेळ येते, आणि त्यात वेगाने झोंबणाऱ्या वाऱ्याची भर निराळीच. सोबती थंडीने काकडत असता तेलकट कामाच्या कपड्यांत आपल्यालाच ऊब कशी राहिली, या विचारातून सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने १९१७ च्या सुमारास अनेक थरांचा एकसंध पोशाख सिद्ध केला. रुमालाचे प्रयोजनही साधेच : शत्रूच्या शोधात मान अखंड वळवावी लागे आणि खरखरीत गळपट्टीने ती सोलून निघे.

दुसरी समजूत अधिक घातक आहे. ‘जी-सूट’ चढविला की वैमानिकास कितीही तीव्र वळण सोसवते, असे पुष्कळ जण मानतात. नऊ ‘जी’च्या, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या नऊपट ओढीच्या, वळणात सत्तर किलोंच्या माणसाचे वजन सहाशेतीस किलोंइतके भासते, रक्त पायांकडे उतरते, दृष्टी प्रथम धूसर व मग काळी होते, आणि अखेरीस शुद्ध हरपते. हा पोशाख म्हणजे पोटऱ्या, मांड्या व पोट यांवर हवेच्या पिशव्या बसविलेली तुमान होय. वळण सुरू होताच झडप उघडून त्या फुगतात आणि रक्ताचे उतरणे रोखतात. टोरांटोच्या विल्बर फ्रँक्स यांनी दुसऱ्या महायुद्धात रचलेल्या आद्य पोशाखात हवेऐवजी पाणी होते. परंतु या तुमानीने सहनशक्ती वाढते ती अवघी एक ते दीड ‘जी’; उरलेला भार स्नायू आवळून आणि श्वास नियमाने रोखून-सोडून वैमानिकालाच पेलावा लागतो, व त्याचा कसून सराव बंगळूरच्या एरोस्पेस मेडिसिन संस्थेतील गरगर फिरणाऱ्या यंत्रात करून घेतला जातो.

वैमानिकाचा पोशाख अग्निरोधक असतो, ही तिसरी समजूतही अर्धसत्यच. त्यातील नोमेक्ससारखा धागा वितळत नाही, ज्वाला दूर होताच विझतो, तापाने करपून जाड होतो. त्यातून मिळतात ते काही सेकंद, विमानातून बाहेर पडण्यापुरते. म्हणूनच आतील वस्त्र सुती असावे, असा दंडक आहे. नायलॉन वितळून कातडीस चिकटते, आणि मग वरच्या भारी पोशाखाचा काही उपयोग राहत नाही.