बहात्तर सेंटिमीटरवरची खाच

मांडीच्या पुढच्या अंगावर एक आडवी खाच पडते आणि बाहेरच्या बाजूला वळत जाते. नाडी करकचून बांधल्यावर वळ उठावा तशी ती दिसते. पण वळ तासाभरात मावळतो, ही खाच महिनोन्‌महिने राहते. ती सहसा दुखत नाही, त्वचेचा रंगही बदलत नाही. आतली चरबी मात्र तेवढ्या पट्ट्यात झिजलेली असते. स्नायू शाबूत असतात. या दुर्मीळ विकाराला ‘लायपोअ‍ॅट्रोफिया सेमीसर्क्युलॅरिस’ म्हणतात, म्हणजे चरबीची अर्धवर्तुळाकार झीज.

ग्श्वांटनर आणि म्युन्झबर्गर यांनी १९७४ साली त्याचे पहिले वर्णन केले. पुढची वीसेक वर्षे एखाददुसरा रुग्ण सापडत राहिला. मग १९९५च्या सुमारास बेल्जियममध्ये एकाच संस्थेतल्या शेकडो कर्मचाऱ्यांच्या मांड्यांवर खाचा दिसू लागल्या. २००७मध्ये बार्सिलोनातही तेच घडले. रुग्णांत बहुतेक स्त्रिया होत्या आणि कामाच्या जागा नव्याकोऱ्या.

उलगडा केला तो मोजपट्टीने. उंच व्यक्तीच्या मांडीवर खाच खाली, बुटक्या व्यक्तीच्या वर. पण उभे करून जमिनीपासून मोजले की अंतर साधारण ७२ सेंटिमीटर. ऑफिसातल्या टेबलांची उंचीही जवळपास तेवढीच!

टेबलाच्या कडेला मांडी टेकून वारंवार दाब पडतो, हे पहिले स्पष्टीकरण. ते पुरेसे वाटत नाही, कारण टेबले काही १९९५ साली आली नाहीत. नव्या इमारतींत भर पडली ती धातूच्या सांगाड्याच्या टेबलांची, वायरींच्या जंजाळाची, कृत्रिम धाग्यांच्या गालिच्यांची आणि एसीच्या कोरड्या हवेची. अशा हवेत अंगावर स्थिरविद्युत साठते. थंडीत नायलॉनचा कपडा काढताना होणारी तडतड तिचीच. टेबलाच्या कडेशी ती मांडीतून निसटते, तिथल्या भक्षक पेशी चेतवल्या जातात आणि त्यांच्या स्रावांनी चरबी झिजते, असा तर्क आहे. तो अजून निर्विवाद सिद्ध झालेला नाही.

उपाय मात्र सोपे आहेत. कडा गोल करायच्या, टेबलांना अर्थिंग द्यायचे, हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास ठेवायची. मग काही महिन्यांत, कधी दोन-चार वर्षांत, खाच बहुधा आपोआप भरून येते.

स्टेरॉइड किंवा इन्सुलिनच्या इंजेक्शनच्या जागीही चरबी झिजू शकते. त्यामुळे अशी खाच दिसली तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावी, आणि जाताना आपल्या टेबलाची उंची मोजून न्यावी.