सहलीच्या आधी वर्गातच फिरून या: गुगल अर्थ आणि ऑफलाइन मॅप

शाळेची एक दिवसाची सहल आठवते? बसमध्ये भेंड्या, झाडाखाली डबा, घाईत फोटो आणि परत. गडाचं नाव सोडलं तर डोक्यात फारसं काही उरत नाही. वर्गात प्रोजेक्टर आणि इंटरनेट असेल तर हे बदलता येतं. धाकट्या भावंडाची सहल ठरली असेल, तर हा लेख त्याच्या सरांना किंवा मॅडमना नक्की पाठवा.

उदाहरण घेऊ पुण्याजवळच्या भाजे लेणी आणि लोहगडाचं.

१. आधी वरून बघा

ब्राउझरमध्ये गुगल अर्थ उघडा आणि 'भाजे लेणी' शोधा. शिफ्ट दाबून माउस ओढला की नकाशा तिरका होतो, डोंगर उभे राहतात. आता मुलांना विचारा, लेणी इथेच का कोरली असतील? उत्तर स्क्रीनवरच आहे. दक्षिणेला भाजे, उत्तरेला कार्ले आणि मधल्या खोऱ्यातून इंद्रायणी, रेल्वे, जुना हायवे, एक्सप्रेसवे. साधारण २,००० वर्षांपूर्वी कोकणातल्या बंदरांवरचा माल बोरघाट चढून याच बाजूने वर यायचा.

२. पिन टाका, प्रश्न लिहा

'नवीन प्रोजेक्ट' करून मळवली स्टेशन, भाजे लेणी, लोहगड, विंचूकाटा अशा पिन टाका. प्रत्येक गटाला एक पिन द्या. त्यात एक प्रश्न हवा, ज्याचं उत्तर तिथे गेल्यावरच मिळेल. उदाहरणार्थ, भाजेच्या चैत्यगृहातले खांब सरळ आहेत की आत झुकलेले? (आत झुकलेले आहेत, कारण लाकडी बांधकामाची ती दगडातली नक्कल आहे. पण हे मुलांना आधी सांगू नका!)

प्रोजेक्टची लिंक शेअर करताना त्यात मुलांचे फोटो किंवा फोन नंबर नकोत.

३. सरळ रेषेवर विसंबू नका

मोजपट्टीचं टूल दोन पिनमधलं सरळ अंतर दाखवतं. पायवाट वळणं घेत चढते, त्यामुळे चालायचं अंतर जास्तच भरतं. कर्सर नेला की त्या जागेची उंचीही दिसते. लोहगड समुद्रसपाटीपासून साधारण १,०३० मीटर आहे. मळवलीची उंची बघून वजाबाकी मुलांनाच करू द्या. पाण्याच्या बाटल्या किती घ्यायच्या, हे मग सांगावं लागत नाही.

४. फोन तयार ठेवा

डोंगरात रेंज जाते, पण जीपीएस बंद पडत नाही. फोन सॅटेलाइटचे सिग्नल फक्त ऐकतो, त्याला इंटरनेट लागत नाही. मात्र रेंज नसेल तर पहिल्यांदा लोकेशन सापडायला वेळ लागतो. आणि मागचा नकाशाच डाउनलोड केलेला नसेल, तर कोऱ्या स्क्रीनवर नुसता निळा ठिपका दिसतो. म्हणून घरच्या वाय-फायवर गुगल मॅप्समध्ये प्रोफाइल फोटो, मग 'ऑफलाइन मॅप्स' असं जाऊन तो भाग सेव्ह करा.

एक गोष्ट लक्षात ठेवा. ऑफलाइन असताना गाडीचा रस्ता मिळतो, पायी चालण्याचा मिळत नाही. धुक्यात 'मॅप आहे ना' म्हणून एकट्याने आडवाटेला जाणं धोक्याचं आहे. गट सोडायचा नाही, हे वर्गातच पक्कं करा.

परत आल्यावर त्याच पिन उघडून उत्तरं भरा. पाय दुखतो म्हणून गडाखाली थांबलेल्या मुलालाही मग सगळ्यांबरोबर वर जाता येतं.